उजेडाचा वसूल

जुन्या जीपच्या पुढच्या दोन दिव्यांचा प्रकाश आपल्याकडच्या तालुक्यांच्या गावी एके काळी इतका परिचयाचा होता, की रात्री दूरच्या वळणावर दोन पिवळसर ठिपके जोडीने हिंदकळत येताना दिसले म्हणजे चावडीच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी, इंजिनाचा आवाज कानी पडण्यापूर्वीच, येणारी स्वारी मामलेदारांची की पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरची एवढाच काय तो प्रश्न शिल्लक ठेवीत. एस.टी.चे किंवा मालमोटारीचे दिवे गाडीच्या रुंदीइतके फाकलेले असतात; जीपचे दिवे मात्र मडगार्डांवर नसून पुढच्या जाळीतच बसविलेले असल्यामुळे अंधारात ते एकमेकांपासून जेमतेम दीड हाताच्या अंतरावर दिसतात, आणि त्यामुळे गाडी आहे त्याहून पुष्कळ दूर आहे असा भास होतो. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि पंचायत समितीच्या आवारात गटविकास अधिकाऱ्यांची जीप उभी राहू लागली. निवडणुकांच्या हंगामात उमेदवारांनी तीच भाड्याने घेतली. साखर कारखान्यांनी उसाच्या पाहणीसाठी तीच बाळगली. हे दौरे, हे पंचनामे, या प्रचारसभा ज्या उजेडात पार पडल्या तो आजच्या मानाने किती अल्प होता, याचे स्मरण त्या काळच्या माणसांनाही फारसे उरलेले नाही, कारण सर्वांचाच उजेड तेवढाच होता आणि समोरून डोळे दिपविणारे दुसरे कोणी येत नव्हते.

या वाहनाची कुळकथा सर्वश्रुत आहे. 1945 साली स्थापन झालेल्या आणि 1948 मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव धारण केलेल्या कंपनीने अमेरिकेच्या विलीस कंपनीकडून सुटे भाग आणवून मुंबईत जीपांची जुळणी आरंभिली, आणि पुढे विलीसने 1953 साली काढलेला, उंच बोनेटाचा सीजे-3बी हा नमुना आपल्या देशात इतकी वर्षे निघत राहिला की पुष्कळांना तो अस्सल देशीच वाटतो. बोनेट उंच होण्याचे कारण सौंदर्याचे नसून अडचणीचे होते. हरिकेन नावाच्या नव्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह माथ्यावर गेल्याने इंजिनाची उंची वाढली, आणि जुन्या बोनेटाखाली ते मावेना म्हणून बोनेटच वर उचलण्यात आले. दिव्यांकडे मात्र कोणी तितके लक्ष दिले नाही. युद्धातल्या लष्करी जीपचे दिवे लहान असून जाळीच्या आत दबलेले असत, आणि एक चाप सोडवून ते उलटे फिरविले म्हणजे त्यांचाच उजेड इंजिनावर पडे, ही त्यांतली एक मोठी हुशारीची तजवीज होती. युद्धानंतरच्या मुलकी जीपला 7 इंची मोठे दिवे मिळाले, परंतु उलटे फिरण्याची ती विद्या कायमची लोपली. 7 इंची गोल दिवा ही मात्र तेव्हापासून इतकी रूढ गोष्ट झाली, की आजही त्या मापाचा दिवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावी सहज मिळतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या नशिबी अशी सोय क्वचितच येते.

माझ्याकडे असलेली सीजे-3बी ही निर्लेखित वाहनांच्या एका लिलावातून, मध्ये दोन-तीन मालकांच्या हातांखालून फिरून, मजकडे रुजू झाली. माझी सारी हयात महसुली दप्तरांत गेली असल्याने जिच्यातून तरुणपणी आम्ही जमाबंदीचे दौरे केले तिच्याविषयीची ओढ निवृत्तीनंतर अशी उफाळून आली, आणि घरातील मंडळींचा विरोध वर्षभरात नामंजूर झाला. दिवसा ती गाडी बिनतक्रार चालते. रात्री मात्र तिचे दिवे लावले आहेत की नाहीत याची खातरजमा करण्यासाठी खाली उतरून पाहावे लागे. इंजिन मंद फिरत असताना तारेचा नुसता लाल निखारा दिसे. पाय दाबला की तो नारिंगी होई. गाडी वेगात आली म्हणजे रस्त्यावर ताकाच्या रंगाचा एक डाग पडे, आणि त्या डागाच्या मागोमाग आपण जात राहायचे.

आंबोलीच्या घाटात पावसाळी रात्री या गाडीचे जे नाटक चाले ते सांगण्यासारखे आहे. जुन्या धाटणीच्या जीपचा वायपर विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या शोषणावर चालतो. आणि हे शोषण पाय उचलला असता अधिक व पाय दाबला असता कमी होत असते. विजेचा कारभार नेमका याच्या उलट. डायनमो इंजिनाच्या गतीवर अवलंबून असल्याने पाय दाबला तरच दिवे उजळतात. तेव्हा चढावर पाय दाबावा, तर दिवे प्रकाशमान होत आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन निश्चल उभा राही. पाय उचलावा, तर वायपर मोठ्या उत्साहाने काच निर्मळ करी आणि त्या निर्मळ काचेतून पाहावयास बाहेर काहीही नसे. एका क्षणी प्रकाश आणि दुसऱ्या क्षणी दृष्टी अशा पाळीने तो घाट चढावा लागे. अमेरिकेत बसून ज्या अभियंत्यांनी या दोन रचना एकाच यंत्रात नांदविल्या, त्यांना सह्याद्रीतील आषाढ ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

दिवे सुधारण्याचा विषय काढला की चारही दिशांनी सल्ले येऊ लागतात, आणि सर्व सल्ल्यांचा मथितार्थ एकच असतो: मोठा दिवा लावा. कोणी 100 वॅटचा बल्ब सुचवितो, कोणी बंपरवर आणखी दोन दिवे चढवावयास सांगतो, आणि हल्ली तर बाजारात पांढऱ्याफेक एलईडीच्या अशा बैठका मिळतात, की ज्या जुन्या होल्डरमध्ये एका मिनिटात बसतात आणि समोरून येणाऱ्यास त्याच मिनिटात आंधळा करतात. याचे कारण दिव्याच्या पोटात आहे. एच-4 नावाचा जो 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब आहे त्यात दोन तारा असतात. त्यांपैकी खालच्या झोताच्या, म्हणजे डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ही वाटी त्या तारेचा खालच्या बाजूस जाणारा उजेड अडविते, म्हणून परावर्तकाचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि झोत खाली वळतो. तार परावर्तकाच्या नाभीपासून मिलिमीटरभर जरी हलली, तरी काचेवरच्या खाचांनी केलेली सारी वाटणी विस्कटते. एलईडीच्या बैठकीत प्रकाश निघण्याची जागा, तिचा आकार आणि आडोसा हे सारेच वेगळे. म्हणून ती जुन्या परावर्तकात बसविली की उजेड पुष्कळ पडतो, पण झाडांच्या शेंड्यांवर, घरांच्या कौलांवर आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांत. ज्या दिव्याची काच, परावर्तक आणि एलईडी ही एकमेकांसाठीच घडविली आहेत असा अखंड दिवा घेतला तर गोष्ट निराळी. माझा आक्षेप त्या भाडेकरू बैठकांवर आहे.

100 वॅटच्या बल्बाचा दोष आणखी सूक्ष्म आहे. ज्या तारेतून 55 वॅटची वीज धडपणे पोहोचत नाही तिच्यातून 100 वॅटची मागणी केली, तर प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की वाटेतली तूट त्याच प्रमाणात वाढते, आणि मागणी जवळजवळ दुप्पट करूनही प्रकाशात पडणारी भर मामुली राहते. बाकीची वीज तारेच्या कवचाला, स्विचाला आणि होल्डरला तापविण्यात खर्ची पडते. डॅशबोर्डामागून येणारा जळक्या रबराचा वास हीच पुष्कळदा या सुधारणेची पोचपावती असते.

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एक वयोवृद्ध वायरमन आहेत. जीपांच्या पिढ्यान् पिढ्या त्यांच्या हातांखालून गेल्या आहेत, आणि आता डोळ्यांनी कमी दिसत असले तरी तार चिमटीत धरून ती आतून काळी पडली आहे की नाही हे ते सांगू शकतात. मी दिव्यांची कैफियत मांडून नव्या बल्बांचे खोके पुढे केले, तेव्हा त्यांनी ते खोके न उघडताच बाजूस ठेविले.

"साहेब, बल्ब बदलून काय उपेग? दिवं चांगलं हाईत. करंट निघतोय पुरा, पर वाटंतच खात्यात बगा."

"कोण खातंय, मिस्त्री?"

"सगळीच. बसा, दावतो."

त्यांनी मोजमापाची जी रीत अवलंबिली ती वरवर उलटी वाटणारी, पण अत्यंत तर्कशुद्ध होती. बॅटरीवर मीटर लावला, 12.5 व्होल्ट. दिव्याचा होल्डर काढून, बल्ब बाहेर असताना, रिकाम्या टोकांवर मीटर लावला, तरीही 12.5 व्होल्ट. येथे बहुतेक जण फसतात आणि तारा निर्दोष ठरवून बल्बाच्या दुकानाकडे वळतात. नंतर त्यांनी बल्ब परत लावला, दिवा पेटवला, आणि जळत्या दिव्याच्या टोकांवर तोच मीटर टेकविला, तो 10.4 वर उतरला. वाहता प्रवाह असल्याखेरीज वाटेतला रोध आपले अस्तित्व प्रकट करीत नाही. पुढचे काम त्यांनी तुकड्यातुकड्याने केले. मीटरचे एक टोक स्विचाच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे धरले की त्या स्विचाने किती खाल्ले ते सरळ आकड्यात दिसते. लाईटच्या मुख्य स्विचात 0.4 व्होल्ट गेले. क्लचच्या बाजूला जमिनीवर, डाव्या पायाने दाबायचा जो डिपर असतो, आणि ज्याच्यावर चालकाच्या बुटांचा चिखल वर्षानुवर्षे आपला थर चढवीत आलेला असतो, त्याच्यात 0.5. तारांत मिळून 0.7. आणि सर्वांत शेवटी, ज्याची मला कल्पनाही नव्हती तेथे, म्हणजे दिव्यातून बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेवर, 0.5.

ही परतीची वाट म्हणजे गाडीचा देहच. दिव्यातून बाहेर पडलेली वीज एका आखूड तारेने जाळीच्या पत्र्यात शिरते, पत्र्यातून बोल्टाने चासीत, चासीतून जाड पट्टीने बॅटरीत. आणि या प्रत्येक सांध्यावर कोणी ना कोणी, गाडी सुंदर दिसावी या सद्हेतूने, रंगाचा हात मारलेला असतो. मिस्त्रींनी जाळीमागचा तो बोल्ट सोडवून माझ्या तळहातावर ठेविला. त्याच्या खालच्या चकतीवर तपकिरी गंज, त्यावर हिरवा रंग, त्यावर काळा रंग, आणि पुन्हा एक हिरवा, असे थर नखाने सोलता येत होते. दर मालकाने आपल्या आवडीचा रंग दिला होता आणि प्रत्येक रंगाबरोबर दिवे थोडे थोडे मंद होत आले होते.

महसूल खात्यात दिवस काढलेल्या माणसाला हे दृश्य पाहून जुन्या वतनदारी अमलाची आठवण होणे अपरिहार्य होते. रयतेने सारा पुरा भरावा, पाटलाने आपला हक्क घ्यावा, कुळकर्ण्याने आपला, देशमुख-देशपांड्यांनी आपापला, आणि हुजूर खजिन्यात जेव्हा रक्कम जमा व्हावी तेव्हा तिचे मूळ रूप ओळखू येऊ नये. आणि यांपैकी कोणाही एकाला चोर म्हणावे, तर प्रत्येकाजवळ आपल्या हक्काची सनद. अर्ध्या व्होल्टाने कोणाचे काय बिघडते, असेच स्विच म्हणतो, तसेच डिपर म्हणतो, तसेच बोल्ट म्हणतो. बिघडते ते पुष्कळ, कारण तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड विद्युद्दाबाच्या सरळ प्रमाणात नसून सुमारे साडेतिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. आणि माझ्या गाडीप्रमाणे 12.5 चे 10.4 झाले, तर बॅटरीवरच्या दाबाने जो उजेड पडला असता त्याचा निम्म्याहून जेमतेम थोडा अधिक भाग हाती लागतो. तार पिवळी, लालसर होते ती याचमुळे. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेविली पाहिजे. दाब पाच टक्क्यांनी वाढला, तर बल्बाचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून फाजील उत्साहाने दाब वाढविणाऱ्यास थोडा काळ लखलखाट आणि नंतर पूर्ण अंधार, असा अनुभव येतो.

उपाय तसा जुनाच आहे. तारायंत्राच्या आरंभकाळी लांबच्या तारेतून जाणारा प्रवाह मुक्कामी पोहोचेपर्यंत इतका क्षीण होई की त्याने यंत्र हलेना. तेव्हा त्या क्षीण प्रवाहाकडून जड काम करून न घेता त्याने केवळ एक लहानसे लोहचुंबक जागे करावे, आणि त्या चुंबकाने दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे दार उघडावे, ही युक्ती 1835 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी योजिली. मोटारीतला रिले तो हाच. आगपेटीहून लहान, चार पायांचा; पायांवर 30, 85, 86, 87 असे आकडे, आणि हे आकडे कोणत्याही गावच्या वायरमनला तोंडपाठ. 85 आणि 86 मध्ये चुंबकाचे वेटोळे असते आणि त्याला पाव अँपिअरही लागत नाही. 30 वर बॅटरीतून थेट आलेली जाड तार. 87 वरून दिव्याकडे. जुना स्विच आणि जुना डिपर जागच्या जागी राहतात, चालकाच्या हाताला आणि पायाला काही फरक कळत नाही, हुकूम नेहमीच्याच वाटेने सुटतो. पण रक्कम मात्र मधल्या मंडळींच्या हातांत न पडता खजिन्यातून परस्पर पोहोचती होते. मधल्यांच्या सनदा जप्त करण्याचे कारणच उरत नाही. त्यांच्या हातून आता जाते ते इतके अल्प, की त्यात खाण्यासारखे काही नसते.

मिस्त्रींनी दोन रिले लावले, एक अप्परला आणि एक डिपरला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसविले. आणि दोन दिव्यांना दोन निरनिराळे, कारण घाटाच्या वळणावर फ्यूज गेला तरी निदान एक डोळा उघडा राहावा. तार 2.5 चौरस मिलिमीटर छेदाची घेतली. याचा हिशेब सोपा आहे. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.018 ओहम, तिच्या 5 मीटर लांबीतून 10 अँपिअर प्रवाह गेला तर 0.9 व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. तीच तार 2.5 ची घेतली तर तूट 0.36 वर येते, आणि रिले दिव्यांजवळ ठेवून लांबीच निम्मी केली तर 0.18 वर. तारांच्या टोकांना लग दाबून वर डाख दिला. आणि अर्थसाठी बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून पांढरा केला, त्यावर पेट्रोलियम जेली चोपडली, आणि इतकेही करून पत्र्यावर विश्वास न टाकता प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत एक स्वतंत्र काळी तार ओढली. डायनमोचे घासलेले कार्बन बदलून कटआऊट नीट लावून घेतला. सायंकाळी इंजिन चालू असताना दिव्याच्या टोकांवर मीटर 13.2 दाखवीत होता. बल्ब जुनेच होते; माझे खोके तसेच बंद होते, आणि पुढे ते दुकानदाराने परत घेतले.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मूळ रूपाचा कडवा अभिमान बाळगणारा एक पंथ आहे. त्यांच्या मते कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा जे नव्हते ते आज असता कामा नये. या मंडळींविषयी मला आदर आहे, आणि त्यांच्यापायीच पुष्कळ गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या हेही खरे. परंतु कारखान्यातून निघालेल्या दिवशी जिच्या दिव्यांना पुरता दाब मिळत होता ती गाडी मूळची, की साठ वर्षांचा गंज जपून निखाऱ्यागत दिवे मिरविणारी गाडी मूळची, याचा निवाडा त्यांनीच करावा. रिले डॅशबोर्डाखाली, पाहुण्याला दिसणार नाहीत अशा जागी बसविले तर लांबी थोडी वाढते हे मान्य. तेवढी सवलत मी त्यांच्या पंथाला खुशीने देतो. मीही तेच केले.

माझ्या एका स्नेह्याजवळ युद्धानंतर डिस्पोजलमध्ये विकली गेलेली लष्करी जीप आहे. ती 6 व्होल्टची. तिची कथा अधिक करुण, कारण 6 व्होल्टच्या गाडीत 45 वॅटचे दोन दिवे लावले की 15 अँपिअर प्रवाह लागतो, 12 व्होल्टच्या गाडीत याच कामाला साडेसात पुरतात. म्हणजे त्याच तारेत तूट दुप्पट. आणि ही दुप्पट तूट निम्म्याच भांडवलातून जायची, म्हणून टक्केवारीने पाहिले तर नुकसान चौपट. बारा व्होल्टवाल्याने ज्या गंजाकडे कानाडोळा केला असता तो गंज सहा व्होल्टवाल्याला भिकेस लावतो. स्नेह्यांना अनेकांनी गाडी 12 वर नेण्याचा सल्ला दिला. तसे केले तर बल्ब, कॉइल, हॉर्न, गेज हे सारे बदलावे लागते. त्यांनी त्याऐवजी 6 व्होल्टचे रिले मिळविले, जाड तारा ओढल्या, प्रत्येक सांधा घासला, आणि त्यांच्या गाडीत पडलेला फरक माझ्या गाडीतल्याहून ठळक निघाला; जेथे लूट मोठी तेथे बंदोबस्ताचे फळही मोठे.

उजेड मिळाला म्हणजे काम संपत नाही. तो कोठे पडतो हे पाहावे लागते, आणि माझ्या मते आपल्याकडे या बाबतीत अक्षम्य बेपर्वाई आहे. पूर्वी दिव्याच्या काचेच्या वरच्या भागावर काळा रंग लावीत, तो समोरच्याचे डोळे वाचावेत म्हणून. ती रीत ओबडधोबड होती, पण तिच्यामागे निदान शिष्टाचार होता. आता फोकस मारणे हे काम गाडी धुण्याइतकेही कोणी मनावर घेत नाही. सपाट जमिनीवर, टायरांत हवा बरोबर असताना, चालकाच्या जागी माणूस बसवून गाडी भिंतीसमोर 10 मीटरवर उभी करावी; दिव्यांच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारावी; आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारे 10 सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवावेत. काच डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी घडविलेली असेल तर ही कड डावीकडे 15 अंशांनी वर चढलेली दिसते, म्हणजे आपल्या अंगाचा रस्ताकड, पायी चालणारा माणूस, बैलगाडीचे चाक यांवर उजेड दूरवर जातो आणि उजवीकडून येणारा निर्धास्त राहतो. अमेरिकेतून हौसेने मागविलेला जुना अखंड दिवा अथवा युरोपातल्या मुख्य भूमीवरची काच आपल्याकडे लावली की हाच कारभार उलटा होतो: गटार अंधारात आणि समोरच्या चालकाचे डोळे उजेडात. विकत घेताना काचेवरचा बाण किंवा खुणा वाचण्याची तसदी कितीजण घेत असतील, कोण जाणे.

आणि वेगाचा हिशेबही विसरता येत नाही. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. पुढे काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर नुसते विचारात जातात, आणि जुन्या ड्रम ब्रेकांनी गाडी थांबेपर्यंत आणखी तितकेच किंवा अधिक. डिपरचा झोत चांगला असला तरी काळ्या म्हशीला तो 50 मीटरवरून दाखवीलच असे नाही. म्हणून दिवे सुधारल्यापासून माझा रात्रीचा वेग वाढलेला नाही. पूर्वी ताशी चाळीसने जाताना जी धाकधूक होई ती आता होत नाही, एवढाच लाभ, आणि तो मला पुरेसा वाटतो.

यात माझ्या वयाचाही वाटा आहे. विशीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर पोहोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळे पडते. जमाबंदीच्या दौऱ्यांत याच जीपच्या याच दिव्यांत आम्हांला सारे स्वच्छ दिसे, असे मी पुष्कळांना सांगत आलो, त्यात खोटे काही नव्हते. ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली तेव्हा त्यांनी आपला चष्मा पुसला आणि डोळ्यांच्या बाबतीत रिलेची सोय नसल्याबद्दल खेद व्यक्त केला.

दिव्यांना पुरता दाब मिळू लागल्यावर आतापर्यंत अंधारात सुखाने दडून राहिलेल्या काही गोष्टी उघडकीस आल्या. समोरून मोटार आली की जीपच्या काचेवर, वायपरच्या फेऱ्याबरोबर, अर्धवर्तुळाकार बारीक ओरखड्यांचे जाळे लखलखून उठते. कित्येक पावसाळ्यांच्या वाळूने ते कोरलेले आहे आणि त्या जाळ्यातून पलीकडचा रस्ता क्षणभर दिसेनासा होतो. पॉलिश लावून पाहिले; ओरखडे खोल आहेत. सुदैवाने या जीपची काच सपाट आहे, आधुनिक मोटारीसारखी वळवलेली नाही, म्हणून माप दिले तर लॅमिनेटेड काच कापून देणारा काचवाला गावात मिळतो. चौकटीचे रबर कडक झाले आहे, तेही बदलावे लागेल; आणि काच उतरवलीच आहे, तर वायपरची विजेवर चालणारी मोटर त्याच वेळी बसवून घ्यावी, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. ते मी तूर्त तहकूब ठेविले आहे, परंतु मृगापूर्वी निर्णय घेणे भाग आहे, आणि विजेच्या वायपरला लागणारी तार मिस्त्रींनी, मला न विचारता, दिव्यांचे काम करतानाच ओढून ठेविली आहे, हे मला परवा डॅशबोर्डाखाली हात घातला तेव्हा कळले.